खिडकीवरचे दहा शब्द

माझी आई शाळेत पोरांना जेवण वाढते. तेवीस वर्षं झाली. इंग्लंडातल्या क्रॅडली हीथच्या उतारावरची ती लाल विटांची शाळा, तिचं लांबट सभागृह, आणि टोकाला स्वयंपाकघराची खिडकी. त्या खिडकीत पॉलीन ट्रोमन्स, म्हणजे माझी आई, डोक्यावर जाळी बांधून, हातात पळी घेऊन उभी. तिनं रांगेला "पुढं" म्हटलं की तिकडं कालव्याच्या पुलावर उभा असलेला माणूससुद्धा एक पाऊल पुढं टाकतो, असं आमच्याकडं थट्टेनं म्हणतात.

एकशे ऐंशी पोरं ती पस्तीस मिनिटांत जेवायला बसवते. बशीकडं बघतच नाही. पोराच्या तोंडाकडं बघते, आणि बोलत असते. तू डेनीसचा नातू ना, मग तुला वाटाणे चालायचे नाहीत, तुझ्या आज्यालापण चालत नव्हते. तुझी आई आजारी आहे, खिम्याचा एक फॅगट जास्त घे, संध्याकाळचं काही खरं नाही. हे सगळं आमच्या बोलीत, खणखणीत. तिच्या जोडीला मनजीत असते. मनजीतचे आजोबा जालंधरहून आले ते थेट इथल्या ओतशाळेत. इंग्रजी शिकले ते भट्टीपाशी, आमच्याच लोकांकडून. त्यामुळं मनजीतची बोली माझ्या आईपेक्षाही जाड आहे. दोघी बोलायला लागल्या की बर्मिंगहॅमहून आलेल्या माणसालासुद्धा निम्मं कळत नाही, आणि बर्मिंगहॅम इथून दहा मैल.

शाळेची एक रीत आहे. दर सत्राला सभागृहात एक कागद लागतो, 'या सत्राचे दहा'. पोरांनी शिकायचे दहा शब्द. ज्वालामुखी, समांतर, असलं काहीतरी. कागद खिडकीशेजारीच लागतो, म्हणून आईनं ते आपलंच काम समजून टाकलंय. वाढता वाढता ती विचारते, समांतर म्हणजे काय सांग, मग कस्टर्ड. चुकलं तरी कस्टर्ड मिळतंच, पण विचारल्याशिवाय नाही.

तर या जूनमध्ये, सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, नवा कागद लागला. वरची ओळ नेहमीचीच, 'या सत्राचे दहा'. आणि खाली आमचे शब्द. 'बॉस्टिन', म्हणजे झकास. 'वम', म्हणजे घर. 'फिटल', म्हणजे जेवणखाण. 'कॉर', म्हणजे येत नाही, जमत नाही. 'डॉनी', म्हणजे लहान पोराचा हात. 'बॅबी', म्हणजे बाळ. 'यो', म्हणजे तू. असे दहा.

आईनं स्वयंपाकघरातून मला फोन केला. एडा, माझी आठ महिन्यांची लेक, तेव्हा दूध पीत होती. मी फोन खांद्यात धरला. आईच्या आवाजात पाणी होतं. म्हणाली, "जोडी," म्हणजे मी, "आपलं भितीवर लागलंय गं."

तिची चूक समजून घ्यायची तर आमच्याकडचं असायला हवं. चौदा जुलैला आमच्या मुलुखाचा दिवस असतो. घराघरांवर काळे-तांबडे झेंडे लागतात, मधोमध साखळी. एवढी वर्षं शाळेत पोरं फक्त झेंडे रंगवायची. आता ईस्टरनंतर नव्या मुख्याध्यापिका आल्यात, मिस प्रेंटिस, तिकडं दक्षिणेकडच्या सरेच्या, त्यांनी या वर्षी बोलीलाच मान दिला, असं आईनं धरलं. बाहेरची बाई असून. आईला त्यांचा एवढा अभिमान वाटला की तिनं त्यांच्यासाठी 'ॲपल पाय' भाजला.

आणि मग पेन घेऊन ती कामाला लागली, कारण दहा म्हणजे काहीच नाही. खाली तिनं सात शब्द आणखी लिहिले. घराच्या मागचं अंगण, 'फोड'. रडणं, 'ब्लार्ट'. फडताळावरच्या सटरफटर शोभेच्या वस्तू, 'ट्रँकलमेंट्स'. मनजीतनं दारू पिऊन तर्र झालेल्या माणसाचा शब्द घातला, तो आईनं खोडला, मनजीतनं परत घातला. कडेनं आईनं साखळी काढली, कडी कडीत अडकवून, चारी बाजूंनी. शिपायाला सांगून प्लास्टिकच्या आवरणात बंद करून घेतलं, रश्शाचे डाग पडू नयेत म्हणून.

चार दिवस ती पोरांना विचारत होती. 'फोड' म्हणजे काय, सांग बघू. लहान पोरं ओरडून सांगायची. मोठी एकमेकांकडं बघून हसायची. आईला वाटलं, खुशीत हसतायत.

शुक्रवारी मिस प्रेंटिस खिडकीशी आल्या. हे मला मनजीतनं सांगितलं, आईनं आजतागायत सांगितलेलं नाही. सहावीची रांग उभी होती. मिस प्रेंटिस वाईट नाहीत, आवाजही चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, "पॉलीन, थोडा गैरसमज झालेला दिसतोय. हे शब्द मुलांनी शिकावेत म्हणून लावलेले नाहीत. शाळेत वापरू नयेत म्हणून लावलेत."

पालकांना तसं पत्र गेलं होतं, दप्तरांतून, आणि वर्गावर्गांतही तीच यादी लागली होती. स्वयंपाकघराला पत्र द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सहावीतल्या पोरांना सगळं माहीत होतं.

मनजीत म्हणाली, तुझी आई मानेपर्यंत लाल झाली. बरं मिस, एवढंच म्हणाली, आणि पुढच्या पोराच्या बशीत रस्सा वाढला. नंतर भांडी घासताना नखानं आपले सात शब्द खरवडत बसली. पण ते आवरणाच्या आत होते, निघेनात.

सोमवारपासून आई गप्प झाली. यादीत होते तेवढेच शब्द टाळले असते तरी चाललं असतं, पण तिला ते जमणारच नव्हतं. तिच्या वाक्यातून तेवढे काढले तर उरतं काय? म्हणून तिनं सगळंच टाकलं. पळीनं दाखवायची. हे की ते. पोरं बोट करायची. डेनीसच्या नातवाला वाटाणे पडले, तो ते बशीच्या कडेला लावत बसला. रांगेला तासाच्या वर वेळ लागायला लागला, दुपारचे वर्ग उशिरा भरायला लागले. मनजीत एकटी बोलत होती, मुद्दाम मोठ्यानं, पण ती सांगते, भिंतीशी टेनिस खेळल्यासारखं वाटत होतं.

शाळेचं शाळेत राहिलं असतं तर कदाचित मी एवढी हलले नसते. आई रोज अडीचला आमच्याकडं येते. चाळीस मिनिटं एडाला घेते, आणि तेवढ्यात मी झोपते, नाहीतर अंघोळ करते, नाहीतर असं काही खरडते. त्या सोमवारी मी डोळे मिटून पडले होते, आणि शेजारच्या खोलीतून एक परकी बाई बोलायला लागली. जुन्या रेडिओवर बातम्या द्यायची तशी. "एडा, हे तुझे हात आहेत. हात. आणि हा चमचा आहे."

मी उठून दारात गेले. आई पाठमोरी बसली होती, ताठ. एडा तिच्या मांडीवर, पण तिच्या तोंडाकडं बघत नव्हती. आईच्या खांद्यावरून दाराकडं बघत होती, आजी कधी येते म्हणून.

मी विचारलं, हे काय चालवलंयस. ती त्याच उसन्या भाषेत म्हणाली की नीट बोलायची सवय लहानपणापासूनच लागायला हवी. मी म्हटलं, आई, माझ्याशी तरी. तेव्हा तिचा बांध फुटला. "हिच्या तोंडात म्या घातलं, आन् उद्या शाळंत कुनी तिच्याकडं बगून हसलं, तर? माजं झालं ते झालं. हिनं का मान खाली घालायची?"

मी म्हटलं, मान खाली घालण्यासारखं त्यात काय आहे. ती म्हणाली, "तुजंच बग की. तू फोनवर कशी बोलायचीस? पोट भरलं न्हवं त्याच्यावर."

विम्याच्या कंपनीत सहा वर्षं मी फोन घेतले. पहिल्या आठवड्यातच शिकवतात, वाक्याचा शेवट वर न्यायचा, गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मी तो आवाज घरीसुद्धा आणला. नवऱ्याच्या, क्रेगच्या, मावश्या चेल्टनहॅमहून आल्या तेव्हा मी तोच लावला, आणि आईला डोळ्यांनी दटावलं, जरा हळू. आईनं ते बघितलं होतं. कधी बोलली नाही, पण बघितलं होतं.

पर्समधून तिनं पाकीट काढून दाखवलं. राजीनामा. शुक्रवारी देणार होती. तेवीस वर्षं, आणि चार ओळी, त्याही कुणाकडून तरी शुद्ध करून घेतलेल्या.

त्या क्षणी मला दोन गोष्टी जाताना दिसल्या. शाळेची खिडकी जात होती, ते एक. पण त्याहून, माझ्या लेकीची आजी जात होती. समोर बसलेली असून. एडा मोठी होणार, आणि तिला पॉलीन ट्रोमन्स नावाची एक नम्र, ताठ, चमच्याला चमचा म्हणणारी बाई आठवणार.

मंगळवार, बुधवार मी समजावून पाहिलं. आई हो-हो करायची आणि एडाला रंगांची नावं सांगायची, बातम्यांच्या आवाजात. मिस प्रेंटिसना जाऊन भेटावं असं मनात आलं, पण त्यांना काय सांगणार होते, आणि कुठल्या आवाजात?

गुरुवारी मी एडाला टबात बसवलं. आई बाजूला लंगोट घड्या करत होती. मी ठरवून काही केलं नाही, हे खरं सांगते. एडानं पाण्यावर हात आपटले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, डॉनी दे, बॅबी, आण तुझ्या डॉनी इकडं. निघालं खरं, पण माझं मलाच ऐकवेना. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात आमची नक्कल करतात ना, तसं. मी तरी रेटलं. चल, आता वम जायचं, फिटल खायचं, बॉस्टिन फिटल. एक एक शब्द बरोबर, आणि सगळं मिळून खोटं.

आईच्या हातातली घडी थांबली. पुन्हा सुरू झाली. मी परत म्हटलं. पुन्हा थांबली.

"आगं, वर कुटं नेतीयास?"

मी वळले.

"शेवट. शेवट वर कुटं नेतीयास? ही काय इमा इकत घेनार हाय तुज्याकडनं? खाली सोड. वझं उतरीवल्यावानी खाली ठेव."

मी खाली सोडून बघितलं. ती म्हणाली, हे सोडणं नाही, हे पाडणं झालं. लंगोट टाकून ती टबाशी आली, गुडघ्यांवर बसली, बाह्या वर केल्या आणि स्वतः म्हणून दाखवलं. एडानं दोन्ही हात पाण्यातून असे वर काढले की आई भिजली. मग आई थांबेचना. मी 'फिटल' म्हणताना जीभ फार पुढं आणते. 'वम' म्हणताना ओठांना लाज वाटल्यासारखी मिटते. वाक्य मधेच श्वास घेऊन तोडते, तेवढी उसंत असते कुठं? "माजी आज्जी साखळ्या करायची, मागच्या फोडमदी भट्टी. पोरगं पेटीत ठिवलेलं, बाजूला. आन् हातुडा चालू. दोन घावांच्या मदी बोलून घ्यायचं. हातुडा खाली यायच्या आत वाक्य खाली ठेवायचं. न्हाईतर पोराला ऐकू कसं जानार? म्हनून आपलं असं हाय. उगं न्हाई."

हे खरं की आईचं स्वतःचं शास्त्र, मला माहीत नाही. पण तिच्या आजीनं आणि आजीच्या जोडीदारणींनी एकदा दहा आठवडे हातोडे खाली ठेवले होते आणि मालकांना वाकवलं होतं, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. आईनं मला तीन वेळा, चार वेळा म्हणायला लावलं. पाणी गार व्हायला आलं. पाचव्यांदा तिनं मान हलवली, हां, आता जरा माणसात आलीस.

मी एडाला टॉवेलात गुंडाळलं आणि विचारलं, "आई, जी बोली चुकीचीच आहे तिच्यात तू माझ्या इतक्या चुका कशा काढल्यास?"

ती ओल्या गुडघ्यांनी तशीच बसून राहिली. बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाली, "लई शानी झालीस." पण ते तिच्या आवाजात म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ती चर्चचा निळा कोट घालून निघाली. जूनमध्ये. तिनं पाकीट बरोबर घेतलेलं मी पाहिलं. मी एडाला बाबागाडीत घातलं आणि तिच्या मागं गेले. ती नको म्हणाली नाही.

मिस प्रेंटिसच्या खोलीचं दार उघडंच होतं. आईनं बसायचं नाकारलं. पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, आधी ऐका, मग उघडा. वर्गात पोरांना तुमची भाषा शिकवा, ती त्यांना लागणारच आहे, त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. पण पोरं भुकेली होऊन माझ्यासमोर येतात, तेव्हा मी त्यांच्याशी माझ्या आईच्या भाषेत बोलणार. ते चालणार नसेल तर हे पाकीट. हे सगळं तिनं खालच्या सुरात सांगितलं, एकेक वाक्य नीट खाली ठेवत.

मिस प्रेंटिसनी सांगितलं की ही यादी त्यांना हौस म्हणून सुचलेली नाही. मार्चमध्ये शाळेच्या दोन मुली वक्तृत्वाच्या स्पर्धेला सॉलिहलला गेल्या होत्या. छान तयारी केलेली. पहिलं वाक्य बोलल्या आणि समोरचं सभागृह हसलं. त्यातली एक नंतर आठवडाभर वर्गात बोललीच नाही. मिस प्रेंटिस तेव्हा इथं आलेल्याही नव्हत्या. त्यांना ते फाइलमध्ये वाचायला मिळालं. "माझ्या मुलींवर पुन्हा कुणी हसू नये, एवढंच मला हवंय," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे खरोखर भरले होते, आणि मला त्या पहिल्यांदा जवळच्या वाटल्या.

आईनं त्यांच्याकडं बघितलं, वाढताना पोरांच्या तोंडाकडं बघते तसं.

"मग मिस, ती यादी हसनाऱ्यांच्या शाळंत लावा की."

बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली. मिस प्रेंटिस काहीतरी बोलायला गेल्या, थांबल्या, आणि त्यांना हसू आलं. आवरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग गंभीर होऊन म्हणाल्या की खिडकीवर तुम्ही हवं तसं बोला, वर्गातल्या याद्या मात्र राहतील. निदान या सत्रात.

"ऱ्हाऊ द्या. वर्ग तुमचा हाय. खिडकी माजी हाय."

त्यांनी पाकीट परत पुढं सरकवलं. आईनं हात लावला नाही. म्हणाली, राहू दे तुमच्याकडंच, पुन्हा लागलं तर लिहायचा त्रास वाचेल. शुद्ध करून घ्यायला फार वेळ जातो.

त्या दुपारी मी बाबागाडी घेऊन सभागृहाच्या भिंतीशी उभी होते. आईनं जाळी बांधली, पळी घेतली, आणि पहिल्या पोरापासून सुरू झाली. मनजीतनं स्वयंपाकघरातून कढई वाजवली. एक चार वर्षांची मुलगी रांगेतच टाळ्या पिटायला लागली, कारण काय ते तिला कळलंही नसेल. अडतीस मिनिटं लागली, सवय मोडली होती म्हणून तीन जास्त. शेवटी मिस प्रेंटिस स्वतः बशी घेऊन आल्या. आईनं त्यांना फॅगट वाढले, करडे वाटाणे वाढले, आणि पोरांना म्हणते तसंच 'बॅब' म्हणून संपवायला सांगितलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. संपवलं त्यांनी.

मी घरी जाताना कालव्याच्या कडेनं गेले. एडा जागी होती. मी तिला एकेक दाखवत चालले, मोठ्यानं, लोक जात-येत असताना. पूल. बदक. पाण्यातले खडे. काठाशी चिमुकले काटेरी मासे पळत होते, तेही दाखवले, हे बघ, 'जॅकबॅनक'.

गळ टाकून बसलेला एक म्हातारा माझ्याकडं न बघताच म्हणाला, ते जॅकबॅनक नव्हेत, 'सोप्रिकल'. मी म्हटलं, क्रॅडलीत जॅकबॅनकच. तो म्हणाला, मग क्रॅडलीवाल्यांना मासे कळत नाहीत, आमच्या नेदरटनला शेंबडं पोरसुद्धा सोप्रिकल म्हणतं. नेदरटन तिथून दोन मैलही नाही. मी गाडीला ब्रेक लावला. भडाभडा बोलले. माझ्या आईची साक्ष काढली, तिच्या आजीची काढली, तो त्याच्या बापाची काढत होता, आणि दोघांचीही वाक्यं दगडासारखी खाली पडत होती. एडा कधी झोपली ते कळलंच नाही. त्यानं शेवटी गळ गुंडाळला आणि विचारलं, तू कुणाची?

मी सांगितलं, पॉलीन ट्रोमन्सची. तो म्हणाला, मग वाद घालून उपयोग नाही.